दुखणारी नस, न दुखणारी नस

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत एक झिणझिणी जाते. ज्या नसेमुळे ती जाते, ती कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागे एका खोबणीत, कातडीच्या अगदी खाली असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून ज्यांची सारी नोकरी गेली, त्या गृहस्थांची बोटं समोरच्याचा हात हाती आला की आपसूक त्या खोबणीकडे वळतात. निवृत्तीनंतरही सवय सुटलेली नाही. घरच्या लग्नात पाया पडायला आलेल्या भाच्याचं कोपरही त्यांनी चाचपलं होतं, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगतात. आपलं नाव छापू नये एवढीच त्यांची अट. कामाबद्दल मात्र ते भरभरून बोलतात.

नस तपासण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. रुग्णाला समोर बसवायचं, त्याचा हात आपल्या हातावर तोलून धरायचा, कोपर अर्धवट वाकलेलं आणि स्नायू सैल. मग बोटांची पेरं खोबणीत हलकेच फिरवायची. नख लागता कामा नये. आणि हे चालू असताना नजर कोपरावर नव्हे, चेहऱ्यावर ठेवायची. धानाच्या बांधीत जन्म काढलेला माणूस "दुखतं का?" असं विचारलं की "नाही जी" म्हणणार हे ठरलेलं. पण त्याच क्षणी पापणी मिटते, ओठ आवळला जातो. तंत्रज्ञ ते उत्तर टिपून घेतात. दोन्ही हात तपासल्याशिवाय ते कधी निष्कर्ष काढत नाहीत, कारण कष्टकऱ्याची नस मुळातच ठळक लागू शकते. डावीकडे सुतळी आणि उजवीकडे दोर लागला, तर मात्र पुढचे सगळे प्रश्न बदलतात.

लोकांच्या लेखी कुष्ठरोग हा कातडीचा रोग. चट्टा दिसतो, म्हणून तसं वाटतं. पण मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू मुक्काम करतो तो नसांत. नॉर्वेतल्या बर्गन शहरात आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. प्रयोगशाळेतल्या बशीत तो अजूनही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात, म्हणून रोग वर्षानुवर्षं दबून राहतो. त्याला थंडावा मानवतो. त्यामुळे शरीराच्या खोल भागापेक्षा कातडीलगतच्या नसा त्याला जास्त सोयीच्या पडतात: कोपरामागची, मनगटाच्या आतल्या बाजूची, गुडघ्याखाली बारीक हाडाला वळसा घालून जाणारी, घोट्याच्या आतली, मानेवर कानाखालून जाणारी. तंत्रज्ञांच्या बोटांची फेरी याच मुक्कामांवरून होते.

नसेत जंतू असणं वेगळं आणि नसेचा दाह होणं वेगळं, हे ते प्रत्येक नव्या आशाताईला सुरुवातीलाच सांगत. जंतू बरीच वर्षं गडबड न करता राहू शकतो. मग कधीतरी शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता लागतो आणि ती तिथे हल्ला चढवते. नस सुजते. पण तिच्याभोवतीचं आवरण फारसं ताणत नाही, आणि कोपराच्या खोबणीत किंवा घोट्याच्या आतल्या अरुंद वाटेत पसरायला जागा नसते. आतल्या आत दाब वाढतो, नसेचा स्वतःचा रक्तपुरवठा आवळला जातो, आणि संवेदना व हालचाल वाहून नेणारे तंतू एकेक करून बंद पडतात. जंतूपेक्षा शरीराच्या त्याच्यावरच्या रागाने जास्त नुकसान होतं, असं ते म्हणतात. आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. सरकारी कागदावर याला 'न्युरायटिस' म्हणतात, गावात 'नस सुजली' म्हणतात, आणि दवाखान्यातले सगळे कर्मचारी नुसतं 'रिअ‍ॅक्शन' म्हणून मोकळे होतात.

या रिअ‍ॅक्शनची वेळ फार वाईट असते. ती उपचाराआधी येऊ शकते, उपचार संपल्यावरही येऊ शकते, पण बऱ्याच जणांना गाठते ती एमडीटी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. एमडीटी म्हणजे बहुविध औषधोपचार: रिफॅम्पिसीन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवली आणि १९८३ पासून ती भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली. औषध उत्तम आहे, मोफत आहे. पण घेणाऱ्याच्या बाजूने बघा. रिफॅम्पिसीनने लघवी लाल होते, क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते, आणि तेवढ्यात जुने चट्टे लालबुंद होऊन फुगतात, कोपर ठणकायला लागतं, बोटांतली ताकद जाते. "गोळ्या घेतल्या आणि हात गेला" हा त्याचा हिशेब चुकीचा असला तरी वेडगळ नाही. तो गोळ्यांचा पत्ता कचऱ्यात टाकतो आणि गावातल्या जाणत्याकडे जातो. तंत्रज्ञांच्या नोकरीचा मोठा भाग याच एका गोष्टीत गेला: एमडीटी एक दिवसही बंद करायची नाही, आणि सुजेसाठी वेगळं औषध त्याच आठवड्यात सुरू करायचं, हे पटवण्यात.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका शिंप्याची हकिगत ते आवर्जून सांगतात. त्याच्या पाठीवर चट्टे होते, गोळ्या चालू होत्या, तब्येत ठीक. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, अलीकडे कात्री नीट चालत नाही, कापड वाकडं कापलं जातं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तंत्रज्ञांनी त्याला तळहात वर करून पंजा टेबलावर ठेवायला सांगितलं आणि करंगळी बाहेरच्या बाजूला ताणून धर म्हणाले. मग आपल्या बोटाने ती आत ढकलली. निरोगी करंगळी बऱ्यापैकी विरोध करते. ही तशीच आत आली. कोपराची नस हाताच्या पंजातले बारीक स्नायू चालवते आणि त्यांची पहिली खबर करंगळी देते. शिंप्याला कोपरात दुखत होतं का? होतं, पण मशीन चालवून दुखत असेल असं तो धरून चालला होता. त्याच दिवशी त्याला ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे उभं केलं गेलं. पुढच्या काही महिन्यांत करंगळीत जोर परत आला. तो अजूनही कपडे शिवतो, आणि काजं करायला मुलाला बसवतो. ते वयामुळे, असं त्याचं म्हणणं.

ही दुखणारी नस. तिच्यावर निदान बोट ठेवता येतं.

खरी गोची न दुखणाऱ्या नसेची. काही रुग्णांत दाह गाजावाजा करत नाही. ठणका नाही, ताप नाही, चट्टे लाल होत नाहीत, आणि तरी आठवड्या-आठवड्याला स्पर्श कमी होत जातो. रोवणीच्या दिवसांत एक बाई उपकेंद्रात आल्या त्या पायाला झालेली जखम दाखवायला. काटा कधी रुतला, त्यांना माहीत नव्हतं. बोलण्यात त्यांनी सहज सांगितलं की हल्ली चप्पल वाटेतच कुठेतरी निघून जाते आणि मागून येणारी पोरगी ती उचलून आणते. शेजारच्या खाटेवरची मंडळी हसली. तंत्रज्ञ हसले नाहीत. घोट्याच्या आतली नस गेली की तळपायाला चप्पल आहे की नाही हे कळत नाही, हे लक्षण ते प्रशिक्षणात शिकले होते, आणि अशी वाक्यं कानांवर पडली की ते थेट तळव्याकडे जात. त्या बाईंच्या दोन्ही घोट्यांमागच्या नसा जाड लागल्या. दाबल्यावर त्यांना काहीच वाटलं नाही.

तळवा तपासायला लागतं काय? साधं बॉलपेन. आधी रुग्णाच्या डोळ्यांसमोर पेनाचं टोक टेकवून दाखवायचं, कातडीला इवलासा खळगा पडेल इतकंच. मग डोळे मिटायला लावायचे आणि तळहात-तळपायाच्या ठरलेल्या जागांवर पेन टेकवून, जिथे कळलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. जरा सुसज्ज ठिकाणी नायलॉनच्या तंतूंचा संच असतो. प्रत्येक तंतू ठरावीक वजनाला वाकतो: हलका २०० मिलिग्रॅमचा, मग २ ग्रॅम, ४ ग्रॅम, १० ग्रॅम. तळपायाला १० ग्रॅमचा स्पर्श कळेनासा झाला, की तो पाय आपलं रक्षण करू शकत नाही असं धरतात. जोर तपासायला तर काहीच लागत नाही. डोळे मिटा, अंगठा वर उचला, करंगळी बाहेर ताणा, मनगट वर धरा, पाऊल वर उचला. प्रत्येकासमोर 'चांगला', 'कमी' किंवा 'लुळा' अशी नोंद. सगळ्या तपासणीला फार तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती दर महिन्याला गोळ्यांच्या पाकिटासोबत झाली, तर न दुखणारी नसही पकडली जाते. एका महिन्याचा कागद दुसऱ्या महिन्याच्या कागदाशी ताडून पाहणं, यापलीकडे त्यात कुठलीही विद्या नाही. पण बाहेर रांग उभी असताना तेवढंच राहून जातं.

रुग्णांच्या तोंडची लक्षणं पुस्तकात नसतात. मीठ चिमटीत धरता येत नाही. भात कालवताना करंगळी ताटात लोंबते. विडी बोटांत जळत गेली आणि वास आल्यावर कळलं. चुलीवरचं पातेलं उतरवलं, दुसऱ्या दिवशी पाहते तर फोड. तोंड धुताना साबण नेमका एकाच डोळ्यात जातो, कारण त्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही. चालताना पाऊल खाली घासतं, म्हणून माणूस गुडघा उंच उचलून टाकतो आणि पोरं त्याच्या चालीची नक्कल करतात. या एकेका वाक्यावरून कुठली नस हे तंत्रज्ञ सांगू शकत. घरोघरी चट्टे शोधायला जाणाऱ्या पथकांना त्यांनी एक सवय लावली होती: चट्ट्याचा प्रश्न शेवटी विचारा, आधी मीठ आणि चप्पल विचारा.

बोटं झडतात, कुजतात, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याला छेद दिला तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यविशारदाने. तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरात जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर १९४६ मध्ये वेल्लोरला आला. बोटं रोगाने गळत नाहीत. दुखणं कळत नसल्याने ती भाजतात, चिरडतात, रात्री उंदीर कुरतडतात आणि तुकड्या-तुकड्याने संपतात, हे त्याने रुग्णांच्या दिनक्रमाचा पाठलाग करून दाखवलं. १९४८ च्या सुमारास त्याने वाकड्या हातावर शस्त्रक्रिया सुरू केल्या: शाबूत नसेवर चालणारा एक स्नायूबंध घ्यायचा, त्याच्या पट्ट्या करून बोटांना जोडायच्या आणि मेंदूला नव्याने शिकवायचं. ज्या आजाराला लोक देवाचा कोप म्हणत होते, त्याचा असा यांत्रिक उलगडा होणं ही छोटी गोष्ट नव्हती.

महाराष्ट्रात सेवेचा वारसा याहून जुना. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राममध्ये कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. याच वर्ध्यात १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने गावोगावी शोध, शिक्षण आणि उपचार या पद्धतीची घडी बसवली. आमचे तंत्रज्ञ वर्ध्यातच शिकले. पहिल्या दिवशी त्यांना एकमेकांच्या कोपराच्या नसा शोधायला बसवलं होतं आणि निम्म्यांना स्वतःचीच सापडत नव्हती.

उपचाराचा कणा म्हणजे प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड सूज उतरवतं, नसेवरचा दाब कमी करतं. राष्ट्रीय कार्यक्रमातली नेहमीची पद्धत अशी: प्रौढाला दिवसाला ४० मिलिग्रॅमने सुरुवात, सकाळी खाल्ल्यावर एकदम, दर दोन आठवड्यांनी डोस उतरवत ३०, २०, १५, १०, ५ असं खाली यायचं. म्हणजे निदान १२ आठवडे. सूज हटली नाही तर डॉक्टर ते लांबवतात. पुढे बांगलादेश, नेपाळ, भारत अशा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत २० आठवडे आणि ३२ आठवडे असे दोन कालावधी समोरासमोर ठेवले गेले. जास्त लांबवल्याने जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. गोळीसोबत नसेला विश्रांती लागते. कापूस गुंडाळलेली फळी किंवा जाड पुठ्ठा बांधून कोपर हलू न देणं, हा अगदी खेडवळ वाटणारा उपाय ठणक्यावर पहिल्याच दोन दिवसांत कामाला येतो. मालीश आणि शेक मात्र नको. गरम विटेने शेकून घेतलेले बधिर पाय तंत्रज्ञांनी इतके पाहिले, की नस सुजली म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नसे, विटेचा असे.

प्रेडनिसोलोन सुरू करण्याआधी बरंच काही बघावं लागतं: साखर, रक्तदाब, खोकला जुना आहे का, पोटात जंत आहेत का. स्टेरॉइडच्या आड क्षयरोग उसळी घेऊ शकतो, साखर भडकते, पोटात व्रण होतात. आणि ते मध्येच झटक्यात थांबवणं तर फार धोक्याचं, कारण इतके दिवस बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अडचण अशी की या गोळीने पहिल्या आठवड्यातच भूक लागते, अंगात तरतरी येते, दुखणं पळतं. काहींना वाटतं बरं झालं, ते सोडून देतात. काहींना ती इतकी आवडते की औषधाच्या दुकानातून परस्पर घेत राहतात. गोल गरगरीत चेहऱ्याने सहा महिन्यांनी परत येतात. दोन्ही टोकं सांभाळायची म्हणजे दर पंधरा दिवसांनी माणूस समोर यायला हवा.

तो येईलच असं नाही. फेब्रुवारी उजाडला की पूर्व विदर्भातली मजुरांची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यानंतर मोहफूल, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि पावसाळ्यात रोवणी. नसेचा दाह हंगाम बघून येत नाही आणि १२ आठवड्यांत निदान एक हंगाम सापडतोच. तंत्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा कुठल्याही परिपत्रकात नव्हता. डॉक्टरांच्या सहीने दोन टप्प्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या कागदी पुड्यांत बांधायच्या, पुडीवर चंद्राच्या कला काढायच्या, अमावस्येला कुठली संपली पाहिजे ते दाखवायचं, आणि मुकादमाचा फोन नंबर आपल्या वहीत लिहून घ्यायचा. मुकादमाला रोगाचं नाव सांगायचं नाही. 'नसांचं औषध' एवढंच. तसं न केल्यास माणूस कामावरून कमी होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

घाई कशाची, असा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जाई, कधीकधी वरिष्ठांकडूनही. उत्तर सहा महिन्यांत आहे. नस अधू होऊन सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड मिळालं तर ताकद आणि स्पर्श परतण्याची आशा चांगली असते. नेपाळ आणि बांगलादेशात या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या एका चाचणीत सहा महिने ते दोन वर्षं जुन्या इजेवर प्रेडनिसोलोन देऊन पाहिलं; नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त लाभ झाला नाही. म्हणून तंत्रज्ञ रुग्णाला कधीच "किती दिवसांपासून?" असं विचारत नसत. दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीत फटाका पेटवला तेव्हा हात कसा होता, असं विचारलं की सहा महिन्यांची रेघ नेमकी सापडते.

बाळंतपणाचा काळ असाच नाजूक. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दबलेली असते; बाळ झाल्यावर ती पूर्वपदावर येते आणि नेमकी तेव्हाच रिअ‍ॅक्शन उसळू शकते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या एका मुलीच्या हातून बाळाची वाटी सुटायला लागली. आईने तिला अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू घातले. गावच्या आशाताईने वाटी सुटताना पाहिली आणि तंत्रज्ञांना फोन लावला. उपचार वेळेत झाले, हात राहिला. सासरी मात्र या मुलीला परत न्यायचं की नाही यावर बैठका झाल्या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरू शकेल अशी तरतूद वेगवेगळ्या विवाह कायद्यांत होती. ती संसदेने २०१९ मध्ये काढून टाकली. त्या घरात कायद्याचा उल्लेख कुणी केला नाही. आजेसासऱ्याने "पोरीचे हात चालतात ना, मग काहून बोलता?" असं म्हणून विषय मिटवला.

दुसऱ्या एका प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये अंगावर लाल दुखऱ्या गाठी उठतात, ताप येतो, डोळे लाल होतात, आणि नसाही सुजतात. ती पुन्हापुन्हा येते आणि रुग्णाला थकवून टाकते. जेरुसलेममध्ये १९६४ साली याकोब शेस्किन या डॉक्टरने अशा एका रुग्णाला झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं आणि गाठी ओसरल्या. गर्भावर भीषण परिणाम केल्याने जगभर बदनाम झालेलं तेच हे औषध. आजही ते वापरतात, कडक देखरेखीखाली, आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सहसा नाहीच.

हातापायांना मुंग्या येतात म्हणून येणारा प्रत्येक जण कुष्ठरोगी नसतो, हे सांगणंही त्यांच्या कामातच होतं. मधुमेहात बधिरता पायाच्या बोटांपासून, दोन्हीकडे सारखी, हळूहळू वर चढते; नस जाड लागत नाही. दारू आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही ढंग साधारण असाच. मानेतून कळ हातात उतरत असेल तर मूळ मणक्यात असू शकतं. लाखोळीची डाळ अतोनात खाऊन ताठलेले पायही त्यांनी सुरुवातीच्या काळात पाहिले. ते पाय कात्रीसारखे एकमेकांवर पडतात, पण बधिर होत नाहीत. आणि काही दिवसांतच पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा दिसला, तर थांबायचं नाही, मोठं रुग्णालय गाठायचं, कारण त्यात श्वासाचे स्नायूही थकू शकतात.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने देशपातळीवर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. 'निर्मूलन' हा शब्द वर्तमानपत्रांत झळकला आणि लोकांनी रोग संपला असा अर्थ घेतला. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. २००५ च्या सुमाराला कुष्ठरोगाचं वेगळं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं. कल्पना म्हणून ते योग्यच होतं. रुग्णाला वेगळ्या दाराने जावं लागू नये. पण कोपर चाचपणारी बोटं त्यात पातळ झाली. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि लसीकरणापासून डेंग्यूपर्यंत सगळं बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडून दरमहा नसांचा नकाशा काढण्याची अपेक्षा धरणं कठीणच. आणखी एक घोळ नोंदवहीचा. सहा किंवा बारा पाकिटं संपली की रुग्णापुढे 'आरएफटी' लिहितात, म्हणजे उपचारातून मुक्त. नाव यादीतून जातं. मेलेल्या जंतूंचे अवशेष मात्र नसांत वर्षानुवर्षं राहू शकतात आणि त्यांच्यावरून दाह नंतरही पेटू शकतो. तेव्हा तो माणूस कुणाच्याच यादीत नसतो.

ज्यांची नस गेली, त्यांच्यासाठी रोजचं काम उरतं. संध्याकाळी साध्या पाण्यात पाय वीस मिनिटं बुडवायचे, घट्टा हलकेच घासायचा, ओलसर असतानाच तेल लावायचं, तळवा आरशात बघायचा. मऊ रबराची एमसीआर चप्पल, तिला मागे पट्टा. गरम भांड्याला फडकं. पाऊल किंवा बोटं लुळी पडून स्थिरावली असतील तर शस्त्रक्रिया होते. परतवाड्याजवळच्या कोठारा इथल्या लेप्रसी मिशनच्या रुग्णालयात ती होते, तशी आणखीही केंद्रं आहेत. शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे व्यायाम. चप्पल हरवणाऱ्या त्या बाईंचा स्पर्श परतला नाही. त्या पट्ट्याची चप्पल घालून बांधावर बसतात, चिखलात उतरत नाहीत. रोवणीचं गाणं मात्र त्याच सुरू करतात.

तंत्रज्ञांना आता अधूनमधून प्रशिक्षणाला बोलावतात. पडद्यावर चित्रं दाखवून दुपारपर्यंत संपवा, असं आयोजकांचं म्हणणं असतं. ते दोघादोघांना समोरासमोर बसवतात आणि हात धरायला लावतात. सभागृहात हसाहशी होते, कुणी गुदगुल्या होतात म्हणतं. गेल्या खेपेला एका तरुण परिचारिकेने विचारलं, सर, आमच्याकडे रुग्ण वर्षातून दोन सापडतात, मग नस ओळखायला शिकायची कुणावर? त्यांनी सांगितलं, निरोगी लोकांवर. रोज उपकेंद्रात येणाऱ्या दहा जणांची कोपरं बघा, जाड नस त्यानंतर आपोआप कळेल. तिने मग, आरएफटी झालेल्यांची जुनी यादी तुमच्याकडे आहे का, असं विचारलं. यादी त्यांच्या वहीत होती. त्यांनी तिला गावांची नावं उतरवून दिली, आणि त्यातल्या कोणत्या घरी आधी जायचं ते पेन्सिलने खूण करून दाखवलं.